सूडपटाचा सेकंड हाफ पडतो, कारण मधली ४० पानं लिहिलेलीच नसतात

एका पटकथाकाराने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. हिंदी फीचरची ११८ पानांची पटकथा तयार आहे. नायिका इंदूरच्या एका खासगी रुग्णालयात डायलिसिस टेक्निशियन. धाकट्या बहिणीवर चौघांनी अत्याचार केला, खटला कोसळला, आरोपी सुटले. नायिका मारामारी शिकते, पिस्तूल मिळवते, इंटरव्हलला पहिल्याला संपवते आणि उरलेल्या वेळात बाकीच्या तिघांना. नॅरेशन (पटकथेचं तोंडी कथन) ऐकणारा प्रत्येक जण म्हणतो, सेकंड हाफ पडतो. शिवाय दोन जोडप्रश्न आहेत: अत्याचार पडद्यावर दाखवायचा का, आणि साधी बाई चार धडधाकट पुरुषांना भारी पडते हे पटवायचं कसं? (पुढे बऱ्याच चित्रपटांचे शेवट फोडले आहेत, तेव्हा बेताने वाचा.)

दुखणं सेकंड हाफमध्ये दिसतंय, पण त्याचं मूळ पान ३५ ते ७५ मध्ये आहे. तुमच्या पटकथेत जखम व्यवस्थित आहे, वारही चार आहेत. जखमेपासून वारापर्यंतचा रस्ता मात्र एका गाण्यात उरकलाय: पहाटे धावणं, बॉक्सिंगची बॅग, आरशात बघून केस कापणं. बाईच्या सूडपटात प्रेक्षक त्या रस्त्यासाठी बसलेला असतो. वार होणार हे त्याला पोस्टरवरूनच माहीत असतं.

देवाशिष मखीजाचा ‘अज्जी’ (२०१७) पुन्हा बघा, आणि या वेळी कागद-पेन घेऊन बघा. मुंबईच्या झोपडपट्टीतली, गुडघे गेलेली, शिवणकाम करणारी म्हातारी. नात मंदावर बलात्कार झालाय, करणारा धावले हा राजकारण्याचा मुलगा, आणि पोलीसच घरी येऊन सगळ्यांना गप्प बसवून जातो. सुषमा देशपांडे यांची अज्जी पुढे काय करते? खाटकाकडे जाते आणि मांस कापायला शिकवायला सांगते. सुरा कसा धरायचा, कुठे दाबायचा, कुठे नुसता ओढायचा. आधी हात बिचकतो, मग सरावतो. मधेच ती रात्री धावलेच्या मागावर राहते आणि तो दुकानातल्या पुतळ्याशी काय करतो ते अंधारात उभी राहून बघते. हा बघायला अत्यंत किळसवाणा प्रसंग आहे, पण पटकथेच्या हिशेबाने तो एका दगडात तीन पक्षी मारतो: माणूस काय लायकीचा आहे ते कळतं, तो कुठे, कधी एकटा सापडतो ते कळतं, आणि त्याला गळ कसला लावायचा तेही कळतं. शेवटी जे घडतं त्यातली प्रत्येक हालचाल आपण आधी शिकताना पाहिलेली असते. म्हणून सत्तरीकडे झुकलेल्या बाईने तरण्याताठ्या माणसाला कसं आवरलं, असा प्रश्न कुणाच्या मनात येत नाही.

‘एक हसीना थी’ (२००४) मध्ये हाच रस्ता तुरुंगातून जातो. श्रीराम राघवनच्या या पहिल्या चित्रपटात ऊर्मिला मातोंडकरची सारिका वर्तक ट्रॅव्हल एजन्सीत नोकरी करणारी, उंदराला घाबरणारी मुलगी आहे. प्रियकर करणवर विश्वास ठेवून, वकिलाच्या सांगण्यावरून ती कबुली देते आणि आत जाते. आत ती कुणाला कसं मारायचं हे फारसं शिकत नाही. ती भीती जिरवायला शिकते, माणसं ओळखायला शिकते आणि खोटं बोलायला शिकते. बाहेर आल्यावर तिचं हत्यार करणचंच असतं: विश्वास संपादन करायचा आणि ऐन वेळी काढून घ्यायचा. त्याच्या टोळीत ती संशय पेरते. शेवटी गुहेत साखळदंडाने बांधलेला करण आणि उंदीर. पहिल्या भागातली तिची भीती शेवटी त्याच्या वाट्याला येते. पेरणी आणि उगवण यात दीड तासाचं अंतर आहे, आणि मधल्या काळात उंदीर आपल्याला एकदाही ‘सूचक’ वाटत नाही.

‘कहानी’ (२०१२) उलट्या वाटेने जातो. तिथे शिकण्याचा काळ अख्खा लपवला आहे. विद्या बागची कोलकात्यात उतरते तेव्हा तिची तयारी आधीच पूर्ण झालेली असते. आपण समजतो की ही गरोदर बाई हरवलेल्या नवऱ्याला शोधतेय. पोट खोटं, नवऱ्याचं नाव खोटं. खरा नवरा अरूप बसू मेट्रोतल्या विषारी वायूच्या हल्ल्यात गेलेला. हा प्रकार मोहात पाडतो, कारण पोस्टरवर ‘सूड’ हा शब्द लिहावा लागत नाही. पण त्याची किंमत जबर आहे. प्रत्येक प्रसंग दोनदा खरा ठरावा लागतो: एकदा भोळ्या बायकोचा म्हणून, एकदा शिकाऱ्याचा म्हणून. हे करायचं असेल तर दोन रकान्यांचा तक्ता करा. डावीकडे ‘प्रेक्षकाला काय वाटतं’, उजवीकडे ‘ती खरं काय करतेय’. उजवा रकाना सलग तीन प्रसंग रिकामा राहिला, तर ते तीन प्रसंग नुसतं वेळकाढूपण आहेत. आणि डावा रकाना उजव्याशिवाय उभा राहत नसेल, तर प्रेक्षकाला पान ४० लाच वास येतो. तुमच्या गोष्टीत अत्याचार आणि खटला पहिल्या ३५ पानांत उघड्यावर आहे, त्यामुळे ही वाट तुम्हाला बंद आहे. उगाच शेवटी ‘ती आधीपासूनच सगळं ठरवून होती’ असला झटका चिकटवू नका.

आता तुमच्या नायिकेकडे वळू. डायलिसिस टेक्निशियनच्या हातात पिस्तूल का देताय? तिच्याकडे जे आहे ते पटकथाकाराला फुकट मिळालेलं घबाड आहे. रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा येतो, दर खेपेला साधारण चार तास मशीनला जोडलेला असतो. त्याला उठून जाता येत नाही. हातात दोन सुया, एका नळीतून रक्त बाहेर, दुसरीतून आत, मिनिटाला अंदाजे ३०० मिली. सुई टोचण्याआधी टेक्निशियन फिस्टुलावर (डायलिसिससाठी हातात शीर आणि धमनी जोडलेली जागा) बोट ठेवून थरथर तपासते. ती लागली म्हणजे प्रवाह चालू आहे. या चार तासांत माणसं बोलतात. मुलगा काय करतो, जमिनीचे काय वाद आहेत, वकिलाने किती उकळले, सगळं.

एका आरोपीचा बाप तिच्या खुर्चीत बसवा. बस्स, तुमच्या मधल्या ४० पानांचा निम्मा प्रश्न सुटला. बापाला ती कोण हे माहीत नाही. कोर्टात तो कधी आलाच नव्हता, आजारी होता. ती त्याच्या मनगटाजवळ बोट ठेवून थरथर तपासते आणि तो सांगतोय की पोराला उगाच गोवलं होतं, पण देव मोठा. एखाद्या दिवशी नळीत हवा येते, मशीन आपोआप नळी चिमटून थांबते, अलार्म वाजू लागतो. रोज ती दोन सेकंदांत हात घालते. त्या दिवशी ती पाच सेकंद नुसती उभी राहते. संवाद नाही, पार्श्वसंगीत नाही, फक्त अलार्म. मग ती करायचं ते करते. बापाला ती हात लावणार नाही हे तुम्हाला माहीत असावं. प्रेक्षकाला खात्री नसावी. पिस्तूल हातात आल्यावर असा प्रसंग लिहिताच येत नाही, कारण पिस्तूल कुणालाही चालवता येतं.

‘एनएच १०’ मध्येही पिस्तूल आहे, तेवढं लक्षात ठेवा. गुडगावात नायिका मीरावर हल्ला होतो, मग स्वसंरक्षणासाठी ते घेतलं जातं. पण पुढे ते बाहेर काढतो नवरा, चार माणसांवर छाप पाडायला, आणि तिथूनच सगळं बिघडत जातं. म्हणजे तिथे पिस्तूल हे सूडाचं साधन नाही, पुरुषी घमेंडीचं आहे. मीराच्या हातात शेवटी लोखंडी रॉड येतो. खलनायक सतबीर तेव्हा जायबंदी होऊन जमिनीवर पडलेला आहे, आणि रॉड उगारण्याआधी ती बसून सिगारेट ओढते. ती सिगारेट या चित्रपटातली सर्वांत भयंकर गोष्ट आहे, कारण तिच्याकडे आता वेळ आहे.

ताकदीच्या प्रश्नाचं उत्तर यातच येतं. ५० किलोची बाई ८० किलोच्या पुरुषाला समोरासमोर हरवत नाही. पडद्यावर तसं दाखवलं तर लोक शिट्ट्या मारतात, विश्वास ठेवत नाहीत. झटापट सुरू होण्याआधीच तिची बाजू वरचढ असली पाहिजे: जागा तिने निवडलेली, वेळ तिने निवडलेली, तो गाफील, प्यालेला, किंवा बांधलेला. या चारपैकी किमान दोन गोष्टी आपण आधीच्या प्रसंगांत बघितलेल्या असाव्यात. झटापट लिहिताना अर्ध्या पानाच्या वर जाऊ नका. लांबली की कोण जड हे प्रेक्षक मोजू लागतो.

पानांचा आराखडा साधारण असा धरा. जखम १५ पानांच्या आत. कायद्याचं दार बंद होणं ३५ पर्यंत. ३५ ते ७५ शिकणं, टेहळणी, चुका. ७५ ते १०५ हिशेब. उरलेल्या १३ पानांत शेवट. तुम्ही म्हणाल, मग इंटरव्हल कुठे? इंटरव्हल साधारण ५८ वर येतो आणि तिथे पहिला खून नको, पहिली चूक हवी. तिचा पहिला प्रयत्न फसतो. त्यात भलत्याच माणसाला इजा होते, किंवा आरोपींपैकी एकाला कळतं की कुणीतरी मागावर आहे. पहिला खून इंटरव्हलला ठेवलात की उरलेल्या ६० पानांसाठी तुमच्याकडे फक्त ‘आता दुसरा, आता तिसरा’ उरतं. नेमकं तेच सगळे तुम्हाला सांगतायत.

चार आरोपी असतील तर चार वेगळ्या शिक्षा हव्यात, आणि त्यांतल्या किमान दोन खून नसाव्यात. रवी उद्यावरच्या ‘मॉम’मध्ये (२०१७) हे नीट साधलंय. श्रीदेवीची देवकी ही सावत्र मुलीवरच्या अत्याचाराचा सूड घेणारी जीवशास्त्राची शिक्षिका. सफरचंदाच्या बियांत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं हे तिला शाळेत शिकवण्याइतकं पाठ आहे. एकाचं पुरुषत्व ती इतरांकरवी काढून घेते, दुसऱ्यावर विषप्रयोग करते, आणि त्या विषप्रयोगात तिसऱ्याला अडकवते. म्हणजे दुसरा वार तिसऱ्या वाराचा कच्चा माल होतो. पुढचा प्रसंग आधीच्या प्रसंगातून निघतो, नुसता त्याच्यामागे येऊन उभा राहत नाही. चौथा, जगन, शेवटी उरतो आणि तिथे चित्रपट सरळ गोळीबाराकडे वळतो. तो भाग मला कमकुवत वाटतो. शिक्षिका तिथे संपते आणि नेहमीची नायिका सुरू होते.

अत्याचार दाखवायचा का? ‘मॉम’चाच तो प्रसंग आठवा. रात्रीचा दिल्लीचा रस्ता, कॅमेरा उंचावर, खाली काळी गाडी चाललीय. गाडी थांबते, चालवणारा बदलतो, गाडी पुन्हा निघते. आत काय चाललंय ते एकदाही दिसत नाही आणि चालवणारा का बदलला हे कळलं की पोटात गोळा येतो. ‘अज्जी’त तर घटना होऊन गेलेली आहे, चित्रपट सुरू होतो तो पोरीच्या शोधापासून. याउलट ‘इन्साफ का तराज़ू’ (१९८०) बघा. बी. आर. चोप्रांनी कोर्टात बाईची दुसऱ्यांदा होणारी बेअब्रू बिनतोड दाखवली, पण बलात्काराचे प्रसंग इतके लांबवले की हा चित्रपट अत्याचाराविरुद्ध आहे की त्याच्यावरच पोट भरतोय, हा वाद आजही मिटलेला नाही. १९८८ चा ‘ज़ख़्मी औरत’ त्याच वाटेवर आणखी पुढे गेला.

व्यवहाराच्या बाजूनेही बघा. सेन्सॉरची १९९१ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की लैंगिक हिंसेची दृश्यं टाळावीत, कथेला अपरिहार्यच असतील तर कमीत कमी ठेवावीत आणि तपशील दाखवू नये. ‘ए’ (फक्त प्रौढांसाठी) प्रमाणपत्र मिळालं तर टीव्हीवर चित्रपट जात नाही. काटछाट करून पुन्हा प्रमाणपत्र घ्यावं लागतं. चित्रपट कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर ‘यूए’मध्ये (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायचे चित्रपट) ७+, १३+ आणि १६+ अशा पायऱ्या आल्या आहेत. निर्माता १६+ ची आशा धरून असेल तर रक्त एक वेळ चालून जाईल, अत्याचाराचं दृश्य जाणार नाही. तेव्हा पटकथेतच तो प्रसंग बाहेरून लिहा. ‘दिग्दर्शक बघून घेईल’ म्हणून दोन पानं तपशील लिहिलात तर कुणीतरी ते चित्रित करेलच.

कायद्याचं दार बंद होतं तो भाग तुमच्या ड्राफ्टमध्ये सगळ्यांत जुनाट आहे. हवालदार तक्रार लिहून घेत नाही, डॉक्टर टाळाटाळ करतो, न्यायाधीश पुराव्याअभावी सोडतो. हे १९८० च्या दशकात चालून गेलं. आज हद्द न बघता कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो, अशी तक्रार न नोंदवणं हा पोलिसाचाच गुन्हा आहे, खासगी रुग्णालयाने उपचार नाकारणं हाही गुन्हा आहे, आणि माहिती मिळाल्यापासून २४ तासांत पीडितेला वैद्यकीय तपासणीसाठी पाठवावं लागतं. प्रत्यक्षात हे सगळं पाळलं जातंच असं नाही, पण प्रेक्षकाला आता हे नियम ऐकून माहीत आहेत. म्हणून जास्त चटका लावणारी गोष्ट ही की कागदावर सगळं वेळेत होतं, तरी खटला पडतो. साक्षीदार फितूर होतो. नमुन्याचं सील आणि नोंदवहीतली तारीख जुळत नाही. मॅजिस्ट्रेटसमोरचा जबाब आणि उलटतपासणी यांतल्या एका तासाच्या तफावतीवर बचावाचा वकील उभा राहतो. तुमची नायिका स्वतः रुग्णालयात काम करते. नमुना कुठे, कुणाच्या हातात बिघडला हे तिला इतरांपेक्षा लवकर कळेल. तिथून तिच्या रागाला पत्ता मिळतो.

अपिलाचंही उत्तर तयार ठेवा. २००९ पासून निर्दोष सुटकेविरुद्ध पीडितेलाही अपील करता येतं. ते का केलं नाही, की केलंय आणि लोंबकळतंय? अपील चालू असताना ती हे सगळं करतेय असं ठेवलंत तर आणखी मजा आहे, कारण ती पकडली गेली तर बहिणीचं अपीलही बुडतं. तारखा तपासा: घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर कलमं भारतीय दंड संहितेची, नंतरची असेल तर भारतीय न्याय संहितेची. आणि पटकथा एखाद्या खऱ्या प्रकरणावरून सुचली असेल तर नाव, गाव, शाळा, नात्यांची रचना सगळं बदला. पीडितेची ओळख उघड करणं हा आधी कलम २२८अ खाली आणि आता कलम ७२ खाली गुन्हा आहे.

तुमच्या शेवटच्या पानांवर वकील ‘आत्मसंरक्षण’ म्हणून तिला सोडवतो, ते काढून टाका. खासगी बचावाचा हक्क बलात्काराचा प्रयत्न होत असताना जीव घेण्यापर्यंत जातो हे खरं (जुनं कलम १००, आता ३८). पण सरकारी यंत्रणेकडे जायला वेळ असेल तर तो हक्क उरत नाही (जुनं ९९, आता ३७). तुमच्या नायिकेने आठ महिने टेहळणी केलीय. कायद्याच्या भाषेत हा थंड डोक्याने केलेला खून आहे आणि चित्रपटाने त्याच्या डोळ्याला डोळा भिडवायला हवा.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ड्राफ्टमध्ये खटकते: बहीण. खटल्यानंतर ती खिडकीत बसून असते, संवाद तीन. २०१७ हे वर्ष बघा. ‘काबिल’मध्ये बायकोसाठी नवरा, ‘मातृ’मध्ये आई, ‘मॉम’मध्ये सावत्र आई, ‘भूमी’मध्ये बाप, ‘अज्जी’त आजी. एका वर्षात पाच सूड, आणि जिच्यावर अत्याचार झाला तिने स्वतः घेतलेला सूड मुख्यतः ‘मातृ’मध्ये, तोही अर्धा, कारण तिथे मायलेकी दोघींवर अत्याचार होतो आणि मुलगी मरते. एन. चंद्रांनी ‘अंकुश’मध्ये (१९८६) चार बेकार पोरांकडून सूड घेतला, बाई तिथे आत्महत्या करून मोकळी. पुढच्याच वर्षी तेलुगूवरून केलेल्या ‘प्रतिघात’मध्ये त्यांनी कुऱ्हाड थेट प्राध्यापिकेच्या हातात दिली. एका वर्षात एकाच दिग्दर्शकाने केवढं अंतर कापलं बघा, भले कथा आयती का असेना. दुसऱ्या कुणी सूड घेतला तर बिघडत नाही, पण मग अत्याचार झालेलीचं मत काय? तिला हे हवंय का? ‘मॉम’मध्ये सगळा चित्रपट सावत्र मुलगी आर्याच्या ‘मॉम’ या एका हाकेसाठी थांबलेला आहे, म्हणून तिथे मुलगी नुसती निमित्त होत नाही. तुमच्या या धाकट्या बहिणीला पान ६० च्या आसपास नायिकेचं बिंग कळू द्या, आणि तिला राग येऊ द्या. ‘तू हे माझ्यासाठी करत नाहीयेस’ एवढं जरी ती म्हणाली तरी पुढची ४० पानं वेगळी होतील.

शेवटासाठी एक ताजं उदाहरण टाळण्यासाठी बघा. ‘डार्लिंग्ज’मध्ये (२०२२) बदरू मारहाण करणाऱ्या नवऱ्याला, हमज़ाला, मारता मारता थांबते, आणि लगेच रेल्वे येऊन त्याला उडवते. भायखळ्याच्या चाळीतली ती माणसं, शेफाली शाहने केलेली आई, तो काळा विनोद, सगळं इतकं सरस जमलेलं असताना शेवटी गाडीने पटकथाकाराचं काम केलं. नायिकेचे हात स्वच्छ आणि खलनायकही मेला, दोन्ही एकदम मिळाल्यावर प्रेक्षकाला हायसं वाटतं, पण तो हिशेब तिने चुकता केलेला नसतो.

तुमच्याकडे बाप आहे. चौथ्या आरोपीचा हिशेब झाल्यावर सोमवारी सकाळी तो नेहमीच्या वेळेला येऊन खुर्चीत बसेल, बाही वर करेल. त्याला अजून कळलेलं नाही, किंवा कळलेलं आहे. तिला सुई टोचायचीय. पिस्तूल, वकील, कोर्ट सगळं वजा करून शेवटचं पान तिथून लिहायला घ्या.